लिनक्स संगणकाला फोन ब्लूटूथने जोडताना

विषय: फोन जोडला जातो आणि लगेच सुटतो

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि अँड्रॉइड फोनमधील छायाचित्रे त्यावर ब्लूटूथने घ्यावीत, असा माझा प्रयत्न चालू आहे. जोडी करताना दोन्ही पडद्यांवर एकच सहा आकडी संख्या दिसते, मी ती दोन्हीकडे मान्य करतो आणि जोडी जमल्याचा संदेश येतो. परंतु त्यानंतर ‘कनेक्ट’ केले की दोन-तीन सेकंदांत संबंध तुटतो. याच लॅपटॉपवर विंडोजही आहे. परवा तोच फोन विंडोजला जोडून पाहिला, आणि तेव्हापासून लिनक्सकडून फोनची ओळख पटवणेच नाकारले जाते. लॅपटॉपचे ब्लूटूथ बिघडले असावे काय? कृपया मार्गदर्शन करावे.

---

विषय: उत्तर: फोन जोडला जातो आणि लगेच सुटतो

स. न. वि. वि.

आपले ब्लूटूथ बिघडलेले नाही. बिघडले असते तर ती सहा आकडी संख्या दोन्हीकडे सारखी दिसलीच नसती. आपण लिहिलेल्या दोन तक्रारींची कारणे मात्र निराळी आहेत. दुसरी आधी घेतो, कारण ती मिटल्याशिवाय पहिलीपर्यंत पोहोचता येणार नाही.

जोडी जमते तेव्हा फोन आणि संगणक मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि ती आपापल्याकडे जपून ठेवतात. लिनक्सवर हे काम ‘ब्लूझ’ ही ब्लूटूथ सांभाळणारी प्रणाली करते, जी 2001 पासून कर्नेलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, आहे. आता अडचण अशी, की फोन संगणकाला ओळखतो तो त्याच्या ब्लूटूथच्या 48 बिटांच्या पत्त्यावरून, आणि विंडोज चालू असो वा लिनक्स, तो पत्ता एकच राहतो. विंडोजशी नवी जोडी होताच फोनने जुनी किल्ली टाकून नवी घेतली, लिनक्सपाशी मात्र जुनीच राहिली. म्हणून जोडी दोन्ही बाजूंनी पुसावी लागते: फोनच्या सेटिंगमध्ये संगणकाचे नाव काढून टाकावे, आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘ब्लूटूथसीटीएल’ (bluetoothctl) हा ब्लूटूथ हाताळण्याचा प्रोग्राम उघडून ‘रिमूव्ह’ या आज्ञेपुढे फोनचा पत्ता द्यावा. एकच बाजू पुसून तासन्‌तास झगडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

त्यानंतर त्याच ठिकाणी ‘पॉवर ऑन’, ‘एजंट ऑन’ आणि ‘स्कॅन ऑन’ या आज्ञा द्याव्यात. फोनवर तोपर्यंत ब्लूटूथचा पडदा उघडा ठेवावा, नाहीतर तो शोधात दिसणार नाही. फोनचा पत्ता दिसला की ‘पेअर’ आणि मग ‘ट्रस्ट’ करावे. ‘पेअर’ने किल्ली ठरते, ‘ट्रस्ट’मुळे हा फोन पुढे स्वतःहून आला तरी संगणक दर वेळी परवानगी विचारत बसत नाही. ‘पॉवर ऑन’लाच नकार मिळाला, तर टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) ही आज्ञा देऊन कोणता रेडिओ अडवलेला आहे ते पाहावे. विमान-मोडमुळे किंवा एखाद्या बटणामुळे रेडिओ अडवलेला असू शकतो.

आता पहिली तक्रार. हेडफोन किंवा कीबोर्ड जोडलेला राहतो, कारण त्याचा संबंध सतत उघडा ठेवलेला असतो. फाइल पाठवण्याचे तसे नाही. त्यासाठीचा संबंध पाठवतेवेळी उघडतो आणि काम झाले की मिटतो, त्यामुळे नुसते ‘कनेक्ट’ करून तो टिकत नसेल तर त्यात दोष मानू नये. आपल्याला ती आज्ञा लागणारच नाही. फोनमधूनच छायाचित्र निवडून ‘शेअर’मध्ये ब्लूटूथ घ्यावे.

लिनक्सबरोबर विंडोजवरही फोन कायम जोडलेला हवा असेल, तर विंडोजमधील किल्ली हाताने लिनक्सच्या नोंदीत उतरवता येते. छायाचित्रांपुरते एवढे करावे असे मला वाटत नाही.

---

विषय: उत्तर: उत्तर: फोन जोडला जातो आणि लगेच सुटतो

सप्रेम नमस्कार.

दोन्हीकडची जोडी पुसून नव्याने केली आणि ती जमली, याबद्दल मनःपूर्वक आभार. छायाचित्र पाठवताना मात्र फोनवर ‘पाठवता आले नाही’ असे येते. माझ्याकडे लिनक्सचा उबुंटू हा प्रकार आणि त्यावर नोम हा डेस्कटॉप (खिडक्या, सेटिंग दाखवणारा भाग) आहे.

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: फोन जोडला जातो आणि लगेच सुटतो

स. न. वि. वि.

फाइल स्वीकारण्याचे काम ‘ओबेक्सडी’ नावाचा निराळा प्रोग्राम करतो. उबुंटूवर तो ‘ब्लूझ-ओबेक्सडी’ या स्वतंत्र पॅकेजातून येतो. ते बसवलेले आहे का ते आधी तपासावे. तो वापरकर्त्याच्या सत्रात चालतो, म्हणून बसवल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा आत यावे. नोममध्ये सेटिंगमधील ब्लूटूथचा पडदा उघडा असतानाच बाहेरून आलेली फाइल स्वीकारली जाते आणि ती ‘डाउनलोड्स’मध्ये पडते, तेव्हा छायाचित्रे येईपर्यंत तो पडदा बंद करू नये.

चित्रफितींसाठी केबल वापरावी. अशा फाइली पाठवताना ब्लूटूथचा प्रत्यक्ष वेग फार तर सेकंदाला 2 मेगाबिटांच्या आसपास असतो (एक बाइट म्हणजे आठ बिट), म्हणजे 100 मेगाबाइटच्या एका चित्रफितीला सात मिनिटे तरी जातील.