पॉवरबँकेवर फोन चार्ज होतो, फिटनेस बँड होत नाही. वारीला जायचंय, काय करू?

पायवाट२
नमस्कार मंडळी. यंदा माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचं ठरलंय. आधी सासवडपर्यंतच जमायचं. शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं, तेव्हा लेकीने हा बँड घेऊन दिला. आता तो हातात नसला तर चुकल्यासारखं होतं. खोक्यावर १४ दिवस लिहिलंय, मला आठवडा मिळतो जेमतेम.

घरी काही अडचण नाही. बाहेर मात्र पॉवरबँकेला लावला की चार्जिंगचं चिन्ह येतं आणि थोड्या वेळाने बघावं तर पॉवरबँकेचे दिवे गेलेले, बँड होता तिथेच. त्याच पॉवरबँकेवर फोन व्यवस्थित भरतो. नक्की बिघडलंय काय? तंबूत एका बोर्डाला साऱ्या दिंडीचे फोन लोंबत असतात, त्यात माझ्या बँडचा नंबर कधी लागायचा!

कथिल
ताई, दोन्ही धडधाकट आहेत. नवीन काही विकत घेऊ नका.

बँडची बॅटरी असते २०० एमएएचच्या आसपास, फोनची ५०००. बँड इतका थोडा करंट ओढतो की पॉवरबँकेला वाटतं, फोन भरला, आता कोणी घेत नाही. मग ती स्वतःची बॅटरी वाचवायला बंद होते. बऱ्याच पॉवरबँकांत यावर सोय असते. बटण लागोपाठ दोनदा दाबायचं, म्हणजे थोड्या करंटवरही ती चालू राहते. शाओमीच्या बऱ्याच मॉडेलांत हे आहे. तुमच्या पॉवरबँकेच्या माहितीपत्रकात 'लो करंट' शोधा.

नसेल तर सोपा उपाय म्हणजे दोन भोकं असतील तर एकात फोन लावा, दुसऱ्यात बँड. फोन ओढत असेपर्यंत पॉवरबँक झोपत नाही.

आणि पॉवरबँक नसली तरी अडत नाही. साध्या ओटीजी जोडणीने (फोनमधून दुसऱ्या वस्तूला वीज देणारी छोटी पिन) बँडची केबल थेट फोनला लावा, ओटीजी सेटिंग मात्र चालू हवं. फोनचे पाचेक टक्के जातात, बँड भरतो.

रोज घाम येणार, तेव्हा बँडच्या मागचे दोन ठिपके कोरड्या सुती कापडाने पुसून मगच चार्जरला लावा. मिठाचा थर बसला की चुंबक चिकटतो पण करंट जात नाही. दुकानात 'चार्ज होत नाही' म्हणून आलेले निम्मे बँड मी नुसते पुसून परत देतो. (पैसे घेत नाही, चहा घेतो.)

रात्रपाळी
मी नर्स आहे, झोपेची नोंद हवी म्हणून रात्री बँड काढत नाही. अंघोळीला जाताना चार्जिंगला लावते, आवरून होईपर्यंत तिथेच. रोज थोडा थोडा भरतो, शून्यावर कधी येतच नाही. लिथियम बॅटरीला पूर्ण रिकामं होण्यापेक्षा हेच मानवतं. सतत ऑक्सिजन मोजणं आणि मनगट वळवलं की स्क्रीन लागणं, दोन्ही बंद करा. १४ दिवसांचा आकडा कमी वापर धरूनच काढलेला असतो.

उंबरठा
वारीचा विषय नाही, पण कोणी मुलांकडे परदेशी जाणार असेल तर सांगते. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवर (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप), आपली नेहमीची १०००० एमएएचची ३७ च भरते. रेल्वेत तर रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात, तेव्हा जेवणाआधीच लावून घ्या.

पायवाट२
कथिलदादा, फोन आणि बँड एकत्र लावले आणि खरंच चाललं! दोनदा बटण दाबूनही पाहिलं, आमच्या पॉवरबँकेला त्याचं काही नाही. जीपीएस लावू का? रोज किती किलोमीटर झालं ते बघायची फार हौस आहे.

वाखरी
जीपीएस नको. पावलं त्याच्याशिवायही मोजली जातात, आणि आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे हे साऱ्या दिंडीला ठाऊक आहे. बँडमध्ये स्वतःचा जीपीएस असेल तर दिवे घाट चढून होईतो बॅटरी अर्ध्यावर येईल. नसेल तर तो फोनचा वापरतो, म्हणजे फोन बसणार.

पुण्यात आणि सासवडला पालखीचे दोन दोन मुक्काम असतात, तिथे कोणाच्या घरी उतरलात तर सगळं गच्च भरून घ्या. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद करत तंबूच. बोर्डावर जागा मागायचीच तर पहाटे मागा, लोक अंघोळीच्या रांगेत असतात तेव्हा. केबल नि पॉवरबँक दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळा, पाऊस सांगून येत नाही.

आणखी एक. डोक्यावर तुळस घेतलीत की दोन्ही हात वर, मनगट हलत नाही, बँड पावलं कमी दाखवतो. टाळ वाजवलात तर उभ्या जागी वाढवतो. आमच्या दिंडीतल्या एका आजोबांची रात्रीच्या कीर्तनात बरीच पावलं झाली होती, बसल्या बसल्या! तेव्हा आकड्याचं फार मनावर घेऊ नका. तुळस घ्याल तेव्हा बँड पायाच्या घोट्याला बांधा, पट्टा पुरला तर.