मदत हवी आहे : धान निघाल्यावर गावात तीन रात्री सिनेमे दाखवायचे आहेत

नमस्कार मंडळी. मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) भरते, वडसा इथल्या नाटक कंपन्यांचे प्रयोग रात्रभर चालतात आणि लोक थंडीत पहाटेपर्यंत बसतात. असा प्रेक्षक असताना स्वतंत्र मराठी सिनेमा इथवर पोचत नाही, याचं फार वाईट वाटतं. म्हणून जानेवारीत शाळेच्या पटांगणात तीन रात्री खेळ लावायचं ठरवलंय. तिकीट नाही.

मोठी अडचण हक्कांची. ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरी बघण्यापुरतं असतं, गावासमोर लावता येत नाही, एवढं कळलंय. दोन निर्मात्यांना मेल केले, उत्तर नाही. आधी दिग्दर्शकाला गाठावं की वितरकाला? विनातिकीट एका खेळाचे साधारण किती पैसे घेतात? काही लघुपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र नाही. महोत्सवासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट कुणी घेतली असेल, तर अर्ज किती दिवस आधी केला? १९५९ साली स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज या फिल्म सोसायट्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेचं सदस्य झाल्यानं सिनेमे मिळणं सोपं होतं का?

प्रोजेक्टर नागपूरहून भाड्यानं आणू. पडदा १२ बाय ७ फूट, माणसं ३०० च्या आसपास. प्रोजेक्टरचा उजेड किती ल्युमेन्सचा (उजेडाचं माप) पुरेल? वीज गेली तर जनरेटर आहे, पण त्याचा आवाज संवाद खातो.

एक संध्याकाळ फक्त मुलांची ठेवा, असं बचतगटाच्या बायांचं म्हणणं आहे आणि मलाही ते पटतं. त्यासाठी नावं सुचवा. खेड्यातल्या माणसाला हसण्यावारी नेणारे सिनेमे मात्र नकोत.