ब्राउन्सनी बेकर मेफिल्डला घाईनं सोडलं का?

सुरसागर_काठ
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या क्लीव्हलंड ब्राउन्सनी २०१८च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) पहिल्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) बेकर मेफिल्ड चार मोसमांनी कॅरोलायनाला देऊन टाकला. तोच मेफिल्ड २०२४मध्ये टँपा बेकडून पासवर ४,५०० यार्ड आणि ४१ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार) मारून गेला. बडोद्यात रविवारी रात्री साडेदहाला सामने सुरू झाले की हा वाद हमखास निघतो. ब्राउन्सकडचे त्याचे टचडाउन आणि इंटरसेप्शन (फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यानं झेलणं) असे: २०१८ला २७ आणि १४ (नवख्या क्वार्टरबॅकच्या टचडाउनचा तेव्हाचा विक्रम), २०१९ला २२ आणि २१, २०२०ला २६ आणि ८, २०२१ला १७ आणि १३. एक आड एक मोसम वाईट. मग अशा माणसावर मोठा करार का लावायचा? जाणकारांनी सांगावं.

मोतीबाग_एंड
दोन वाईट मोसमांची कारणं वेगळी आहेत, तिथेच गफलत होते. २०१९मध्ये प्रशिक्षक नवा, खेळी विस्कळीत आणि मेफिल्ड पॉकेटमधून (सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती राखलेल्या जागेतून) उगाच पळायचा. ते त्याच्याही खात्यावर टाका. २०२१ हा खांद्याचा मोसम.

१९ सप्टेंबर २०२१, ह्यूस्टनविरुद्ध. इंटरसेप्शन गेलं, चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायला हा आडवा गेला आणि डाव्या खांद्याचा लॅब्रम फाटला. लॅब्रम म्हणजे खांद्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कड. ती फाटली की हाड खोबणीत घट्ट बसत नाही. ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनाविरुद्ध त्याच खांद्याचं हाडही मोडलं. एक सामना विश्रांती, मग हार्नेस (खांदा जखडून ठेवणारा पट्टा) बांधून पुन्हा मैदानात. शस्त्रक्रिया झाली ती थेट जानेवारी २०२२मध्ये.

‘फेकतो उजव्या हातानं, दुखावला डावा, मग काय बिघडलं?’ असं विचारणाऱ्यांनी आपल्या मोतीबाग मैदानावर क्रिकेटच्या नेटमध्ये वेगवान गोलंदाजाचा पुढचा हात बघावा. तो वर जातो, खाली खेचला जातो आणि त्या खेचण्यावर छाती वळते. पुढचा हात ढिला पडला की दिशा गेलीच. क्वार्टरबॅकचा डावा हात हेच काम करतो: कोपर बरगडीशी ओढून घ्यायचं, म्हणजे धड वेळेवर वळतं. हार्नेसनं तो हात जखडला की धड आधीच उघडतं, उजवा हात मागून येतो आणि चेंडू उंच जातो. त्यातून मेफिल्डची उंची ६ फूट १ इंच, समोरच्या धिप्पाडांवरून बघणं कठीण, म्हणून प्रशिक्षक स्टेफान्स्की चेंडू धावणाऱ्याकडे दिल्याचं सोंग करायला लावून त्याला पॉकेटबाहेर काढायचा. उजवीकडे पळताना ते निभतं. डावीकडे पळताना डावा खांदा लक्ष्याकडे वळवल्याशिवाय पास सुटतच नाही, आणि तोच खांदा बांधलेला. शिवाय क्वार्टरबॅकला उजव्या बाजूनं राखणारा टॅकल कॉन्क्लिन जखमी होऊन बाहेर. ३ जानेवारी २०२२ला पिट्सबर्गनं त्याला ९ वेळा सॅक केलं (चेंडू फेकण्याआधीच पाडलं).

माझ्या मते ऑक्टोबरमध्येच शस्त्रक्रिया करून मोसम राखीव क्वार्टरबॅक कीनमकडे द्यायला हवा होता. खेळवायचं म्हणजे खेळवायचं हा हट्ट संघाचाही आणि त्याचाही.

रावपुरा_टॉवर
खांद्याचं पटलं. आता पैसे बघा, खरी चूक तिथे आहे.

एप्रिल २०२१मध्ये, म्हणजे दुखापतीच्या आधी, ब्राउन्सनी त्याचा पाचव्या वर्षाचा ऑप्शन (करार आणखी एक वर्ष वाढवायचा संघाचा हक्क) उचलला. २०२२चे सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलर तिथेच पक्के झाले, खेळो वा न खेळो. मग मार्च २०२२मध्ये ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीचे ३ ड्राफ्ट पिक (निवडीच्या संधी) दिले आणि ५ वर्षांचा २३ कोटी डॉलरचा पूर्ण गॅरंटीड करार केला. आधी दुसरा आणला, मग पहिला विकायला काढला! खरेदीदाराला कळून चुकलं की हे अडकलेत. जुलैमध्ये कॅरोलायनाकडून मिळालं काय, तर २०२४चा पाचव्या फेरीचा पिक. (मेफिल्ड ७० टक्के डावांत खेळला असता तर चौथ्या फेरीचा.) वर त्याच्या पगारातले १ कोटी ५ लाख ब्राउन्सनीच भरले.

वॉटसन पहिल्या ३ मोसमांत मिळून १९ सामने खेळला: ११ सामन्यांची बंदी, मग खांदा, मग टाच. मेफिल्डला ठेवायचं तर नवा करार करायची गरजच नव्हती. ऑप्शनचं वर्ष खेळवायचं, बरा झालेला खांदा बघायचा आणि मार्च २०२३मध्ये ठरवायचं. पैसे तर देऊन झालेच होते.

खंडेराव_मार्केट
एवढं सोपं असतं तर कॅरोलायनात तो चालायला हवा होता ना? शस्त्रक्रिया झालेली, खांदा मोकळा. तरी ६ सामन्यांत सुरुवात करून १ विजय आणि डिसेंबरमध्ये संघातून नारळ. त्या दिवशी बाकीच्या संघांना तो हवा असता तर २०२३मध्ये टँपाला तो ४० लाख डॉलरच्या पायाभूत करारात मिळाला नसता. चुकलं असेल तर सगळ्या लीगचं चुकलं. टँपात पास झेलायला माइक इव्हान्स आणि ख्रिस गॉडविन होते, हे विसरू नका.

मोतीबाग_एंड
@खंडेराव_मार्केट तुमचा मुद्दा रास्त आहे. पण कॅरोलायनात तो जुलैत आला, जागेसाठी तिथल्या क्वार्टरबॅक डार्नल्डशी झुंजला, मग घोटा मुरगळला आणि ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षकालाच काढलं. त्या ६ सामन्यांवरून खांद्याचा निकाल लावता येत नाही. इव्हान्स-गॉडविनचं खरं, तरी २०२४मध्ये गॉडविन सातव्याच सामन्यात घोटा निखळून मोसमाबाहेर गेला आणि इव्हान्सही काही सामने बसला होता.

सुरसागर_काठ
रावपुरा, ऑप्शनचा हिशेब माझ्या लक्षातच आला नव्हता. आता बघायचे तर कोणते सामने बघू?

मोतीबाग_एंड
तीन बघा. जानेवारी २०२१चा पिट्सबर्गविरुद्धचा प्लेऑफ, ४८-३७: शाबूत खांदा. मग ३ जानेवारी २०२२चा, तोच प्रतिस्पर्धी, हार्नेससह. फक्त डावं कोपर बघत राहा, चेंडू नंतर.

तिसरा ८ डिसेंबर २०२२चा, रॅम्स वि. रेडर्स. रॅम्सनी त्याला उचलून दोनच दिवस झाले होते. शेवटी एकही टाइमआउट (घड्याळ थांबवायची संधी) शिल्लक नसताना चेंडू ९८ यार्ड नेला आणि १७-१६नं जिंकले. तेव्हा रॅम्सचा आक्रमण समन्वयक होता लियाम कोएन. २०२४मध्ये टँपानं त्यालाच बोलावलं.