राष्ट्रीय खेळ ठरवायचा कोणी?

जुना_गोलकीपर:
काल इथे वाचलं, 'राष्ट्रीय खेळ ही शुद्ध सरकारी थाप आहे. ज्याला मैदानं भरतात तोच राष्ट्रीय.' डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. अर्जेंटिनात मैदानं फुटबॉलला भरतात, पण १९५३ पासून राष्ट्रीय खेळ आहे पातो. घोडे दौडत असतात आणि सहा मुठी लावलेला चामडी चेंडू एकमेकांच्या हातून हिसकायचा असतो. पूर्वी चेंडूच्या जागी जिवंत बदक असे, नाव त्यावरूनच पडलं. गाउचो गुराख्यांचं सगळं जगणं त्या खेळात आहे. तिकिटं मोजून ते कसं कळणार?

तिसरी_घंटा:
थाप म्हणणारी मीच, आणि अजूनही म्हणते. श्रीलंकेत १९९१ पासून व्हॉलीबॉल राष्ट्रीय आहे, पण तिथल्या लोकांचा जीव क्रिकेटमध्ये. आपल्याकडे तर त्याच्या उलट. शाळेत 'हॉकी' लिहून मी गुण मिळवले, मुलीकडूनही तेच पाठ करून घेतलं. २०१२ मध्ये माहिती अधिकारात विचारल्यावर क्रीडा मंत्रालयाने कळवलं, कोणत्याही खेळाला असा दर्जा दिलेलाच नाही! घोषणेवाचून काही अडलं का?

जुना_गोलकीपर:
पाठांतर म्हणून सोडून देऊ नका. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपण ब्रिटनला ४-० हरवलं, स्वातंत्र्याला वर्ष झालं होतं फक्त. माझे वडील ते सांगताना खुर्चीतून उठून उभे राहायचे. ऐंशीव्या वर्षीसुद्धा.

तिसरी_घंटा:
अहो, मग तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. वडिलांना उभं केलं ते खेळाने, कागदाने नाही.

रानवाट:
भूतानमध्ये तिरंदाजी पाहिली आहे मी. ऑलिंपिकमध्ये ७० मीटर, तिथे त्याच्या दुप्पट अंतर. लाकडी फळी एवढीशी दिसते, आणि तिच्या अगदी बाजूला दुसरे खेळाडू उभे! बाण लागला की सगळा संघ गोल करून नाचतो, मारणारा कमरेला रंगीत पट्टा खोवतो. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने प्रत्येक बाणाला ओठ हलवले. १९७१ मध्ये घोषणा झाली ती याच खेळाची. याला थाप म्हणवत नाही.

उंबरठा:
कॅनडाचं कोणी बोलणार आहे की नाही? १९९४ च्या कायद्याने हिवाळ्यात आइस हॉकी, उन्हाळ्यात लॅक्रॉस. लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा तो खेळ, कोणाचा? अमेरिका-कॅनडातल्या होडेनोशोनींसारख्या मूळ रहिवाशांचा, त्यांच्या लेखी निर्मात्याने दिलेला. १८६७ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका दंतवैद्याने नियम लिहिले आणि १८८० मध्ये तिथल्या संघटनेने मूळ रहिवाशांनाच स्पर्धेबाहेर काढलं. याला चोरी म्हणतात.

जुना_गोलकीपर:
चोरी हा शब्द जड आहे. नियम लिहिले म्हणून तर खेळ जगभर पोचला.

उंबरठा:
पोचला? २०१० मध्ये मँचेस्टरला विश्वस्पर्धा होती. होडेनोशोनी संघ स्वतःच्या पासपोर्टवर निघाला, ब्रिटनने तो मानला नाही. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा पासपोर्ट त्यांनी नाकारला आणि स्पर्धा सोडली. माझ्या मुलीचं नाव एका कागदावर चुकीचं पडलं म्हणून तिची स्पर्धा हुकली होती. बॅग भरलेली, बूट दाराशी. महिनाभर तिने ते बूट उचलू दिले नाहीत. तिची तर चूक दुरुस्त झाली. यांचं अख्खं राष्ट्रच कागदावर धरत नाहीत, आणि तुम्ही मला शब्द जड आहेत म्हणून शिकवता?

जुना_गोलकीपर:
आवाज चढवू नका. मी मुलीबद्दल काही बोललो नाही.

रानवाट:
दोघांनीही जरा थांबा. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये लॅक्रॉस पुन्हा ऑलिंपिकमध्ये येतोय, आणि होडेनोशोनींना स्वतःची ऑलिंपिक समिती नाही. प्रश्न तिथे आहे.

जुना_गोलकीपर:
मान्य. ज्यांचा खेळ त्यांना त्यांच्याच झेंड्याखाली खेळता येत नसेल, तर १९९४ चा कायदा अपुरा आहे. पण अपुराच. खोटा नव्हे.

तिसरी_घंटा:
'थाप' भूतानपुरता मागे घेते. पातोवरचं म्हणणं मात्र तसंच.