मदत हवी आहे: पावडर टाकूनही पाणी तिसऱ्यांदा नापास

थकलेला_पाणक्या
मंडळी, घाईत लिहितोय, चुका पोटात घाला. वस्तीतलं पाणी तपासायला दिलं, नापास. ब्लीचिंग पावडर टाकली, परत दिलं, परत नापास. मग दुप्पट टाकली. काल तिसरा रिपोर्ट आला, नापासच. वासामुळे निम्मी घरं आता ते पाणी भरतच नाहीत, ओढ्यावर जातात. म्हणजे केलं एक आणि झालं भलतंच. लहान पोरांचे जुलाब थांबत नाहीत. पावडर नेमकी किती टाकायची, तेवढं प्रमाण कुणी सांगेल का? बाकी सल्ले नकोत. शोधून पाहिलंय सगळं.

मोजूनमापून
प्रमाण सांगतो, पण कशाचं सांगू? विहीर, बोअर, टाकी? नापास म्हणजे कशात नापास? पावडरीने जंतू मरतात, बाकी काही नाही. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं असेल तर पोतं रिकामं केलंत तरी रिपोर्ट तोच येणार. नमुना कुठून घेतला, कशात नेला, पावडर टाकल्यावर किती दिवसांनी?

शुद्धजल_आग्रही
टीडीएस किती आहे? आधी टीडीएस सांगा. मी कुठेही गेलो की खिशातला मीटर आधी पाण्यात बुडवतो. आरओ बसवा, विषय संपला. आमच्याकडे आठ वर्षं आहे, घरात कुणाचं पोट बिघडलेलं नाही.

सरळसोट_ताई
अहो दादा, अख्ख्या वस्तीला आरओ? तिथे वीज आहे की नाही तेही अजून कळलेलं नाही. आणि टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्यात जंतू मोजले जात नाहीत. टीडीएस शंभर असलेल्या नितळ पाण्यातही कॉलऱ्याचे जंतू असू शकतात.

शुद्धजल_आग्रही
अनुभव सांगितला. घ्यायचा तर घ्या, नाहीतर सोडा.

थकलेला_पाणक्या
हापसा आहे, लिहायचं राहिलं. रिपोर्टवर ई-कोलाय नावाचे जंतू लिहिलेत, आकडा २६. शून्य पाहिजे म्हणाले. नमुना बाटलीत नेला, स्वच्छ धुऊन. पावडर हापशाचं झाकण उघडून आत टाकली, तीन-चार ओंजळी. आठवड्याने तपासायला दिलं. आता सांगा प्रमाण.

मोजूनमापून
ओंजळीने! आणि कोरडी! निम्मी पाइपाला चिकटली असेल, उरलेली तळाशी गोळा होऊन बसली असेल.

हे घ्या प्रमाण. सहा इंची बोअर असेल तर मीटरभर उंचीत साधारण १८ लिटर पाणी मावतं. पातळीपासून तळापर्यंत ३० मीटर पाणी असेल तर ५४० लिटर. बोअर धुवायला लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरा, म्हणजे २७ ग्रॅम. तुमच्या पावडरीत २५ टक्के क्लोरीन असेल तर १०८ ग्रॅम पावडर. पोतं उघडं पडून असेल तर त्यातला क्लोरीन कधीच उडालाय, तो हिशोब वेगळा. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी ओतायची. थोडं हापसून पाणी खालवर करायचं, रात्रभर हापसा बंद, सकाळी वास जाईपर्यंत उपसून टाकायचं. ते पाणी कुणी प्यायचं नाही.

पण याने तुमचा प्रश्न सुटणार नाही. हे बोअर धुणं झालं. आज टाकलेला क्लोरीन उद्या-परवा उपसून जातो. तुम्ही आठवड्याने नमुना घेतलात, म्हणजे त्या आठवड्यात जी घाण नव्याने आत आली तिची तपासणी झाली. पावडर तोवर संपलेली होती.

आणि बाटली धुतलेली चालत नाही, निर्जंतुक लागते. पाण्यात क्लोरीन असेल तर तो मारायला बाटलीत थायोसल्फेट घातलेलं असतं. म्हणून बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची. हापशाचं तोंड ज्योतीने भाजायचं, मग भरायची, गार ठेवायची आणि शक्यतो सहा तासांत पोचवायची, फार तर चोवीस.

थकलेला_पाणक्या
बरं. बाटलीचं कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे तिन्ही रिपोर्ट फुकट?

मोजूनमापून
तिन्ही खोटे असतील असं नाही. पण कशावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही, हे खरं.

रात्रपाळीची_परिचारिका
पाण्याचं चालू द्या, पण पोरांचं कुणी विचारलं का? किती पोरं, किती वयाची, शौचातून रक्त पडतंय का, लघवी होतेय का? डोळे खोल गेलेले, पोर मलूल, पाणीही पीत नसेल तर फोरमवर वेळ घालवू नका, दवाखाना गाठा. बाकीच्यांना ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाट. मीठ जास्त झालं तर उलटा अपाय होतो. सहा महिन्यांवरच्या पोराला झिंक २० मिलिग्रॅम रोज, दहा ते चौदा दिवस, त्याहून लहानाला १०. जुलाब थांबले की लोक झिंक बंद करतात, तसं करू नका. अंगावर पीत असेल तर पाजणं सुरू ठेवा, खातं असेल तर खाऊ घाला. जुलाबात पोर उपाशी ठेवायची कल्पना कुणी काढली कोण जाणे.

उन्हाची_बाटली
एवढा उपद्व्याप कशाला? पारदर्शक पेट बाटलीत नितळ पाणी भरा, आडवी करून सहा तास कडक उन्हात ठेवा. अतिनील किरणांनी जंतू मरतात. स्वित्झर्लंडच्या एआवाग संस्थेने हीच पद्धत जगभर नेली. खर्च शून्य.

सरळसोट_ताई
ढग आले की दोन दिवस ठेवाव्या लागतात. पाणी गढूळ असेल तर उपयोग नाही. सहा माणसांच्या घराला रोज किती बाटल्या होतात, त्या भरायच्या, उन्हात मांडायच्या, उचलायच्या कुणी, हेही सांगा. ते काम कुणाच्या गळ्यात पडतं ते आम्हाला माहीत आहे.

उन्हाची_बाटली
मग उकळणं कुणाच्या गळ्यात पडतं? सरपण काय आकाशातून पडतं?

सरळसोट_ताई
उकळा असं मी कुठे म्हटलंय?

इतिहासाचा_किडा
अवांतर, पण राहवत नाही. १८५४ ची लंडनची कॉलऱ्याची साथ. जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला, ही गोष्ट सगळे सांगतात. साथ तोवर ओसरायला लागली होती, हे कुणी सांगत नाही. मला आवडतो तो भाग पुढचा. नंतर खोदून पाहिलं तेव्हा ४० नंबरच्या घराचा मैलाखड्डा त्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत निघाला, विटा ढिल्या झालेल्या. त्या घरातलं बाळ जुलाबाने गेलं होतं आणि त्याचे लंगोट धुतलेलं पाणी त्याच खड्ड्यात ओतलं जात होतं. पाणी दिसायला इतकं स्वच्छ की लोक लांबून तेच न्यायला येत.

मी_गवंडी
किड्याने अवांतर म्हणत मुद्द्याचं लिहिलं. पाणक्या, हापशापासून सगळ्यात जवळचा संडास किती पावलांवर आहे? खड्डा किती खोल? जमीन कसली, मातीची की फुटक्या खडकाची? हापशाचा ओटा धड आहे का? सांडलेलं पाणी कुठे जातं?

थकलेला_पाणक्या
संडासाचा काय संबंध? मी पाण्याचं विचारतोय. संडास उलट आमच्याकडची एकमेव धड गोष्ट आहे. गेल्या वर्षी घरटी बांधले, उघड्यावर कुणी जात नाही. पैसे वाचवले नाहीत, खड्डे चांगले वीस फूट घेतले. एकही भरला नाही आणि बहुतेक भरणारही नाही. जवळचा पंधरा-वीस पावलांवर असेल. ओट्याला भेग आहे एक, जुनी आहे. पाणी तिथेच साचतं, गुरं पितात.

मी_गवंडी
भरत नाही, मग जातंय कुठे? आणि संबंध हाच, ई-कोलाय हे आतड्यातले जंतू, पाण्यात मैल्यातूनच येतात.

वीस फुटांत तुमचं भूजल लागत असणार, निदान पावसाळ्यात तरी. खड्डा सरळ पाण्यात उघडलाय. मैला कोरड्या मातीतून झिरपला तर माती बरेचसे जंतू अडवते. इथे मधे मातीच उरलेली नाही. शोषखड्ड्याचा तळ भूजलाच्या सगळ्यात वरच्या पातळीच्याही निदान दीड मीटर वर हवा. हापशापासून अंतर तीस मीटर तरी, तेही माती असेल तर. खडकाला भेगा असतील तर तीस मीटरही पुरत नाही, भेगेतून पाणी नळीसारखं धावतं. मी स्वतः असे खोल खड्डे खणून दिलेत पूर्वी. लोकांना खोल म्हणजे मजबूत वाटतं. घ्यायला हवे होते उथळ आणि दोन. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिला झाकून दीड-दोन वर्षं पडू द्यायचा, मग आतलं मातीसारखं होतं.

थकलेला_पाणक्या
आता हे मी वस्तीत कुठल्या तोंडाने सांगू? घरोघरी फिरून मीच बांधायला लावलेत.

परसबाग_प्रेमी
संडासाच्या सांडपाण्यावर परसबाग करा. भाजीपाला होईल, कुपोषणही जाईल. आमच्या गटाने गांडूळखतही केलंय, कृती हवी असल्यास सांगतो.

रात्रपाळीची_परिचारिका
संडासाचं पाणी भाजीला? पोरांना जंत हवेत का आणखी? न्हाणीचं, भांडी घासल्याचं पाणी द्या, ते ठीक. जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

अहवाल_वाचक
कुपोषणाचा विषय निघालाच आहे म्हणून. बांगलादेश आणि केनियात ‘वॉश बेनिफिट्स’ चाचण्या झाल्या, निकाल २०१८ ला आले. झिम्बाब्वेत ‘शाइन’, २०१९. पाणी, संडास, हात धुणं हे सगळं पुरवूनही मुलांची उंची वाढली नाही. जिथे पूरक आहार दिला तिथे थोडी वाढली. बांगलादेशात जुलाब कमी झाले, केनियात तेही नाहीत. तेव्हा हापशामागे धावण्यापेक्षा सहा महिन्यांनंतरच्या आहाराकडे पाहा.

सरळसोट_ताई
म्हणजे पोरांनी २६ ई-कोलायचं पाणी प्यायचं आणि आपण अहवाल वाचायचे? त्या चाचण्यांतून एवढंच निघतं की असे छोटे उपाय पुरत नाहीत, घाण इतक्या वाटांनी येते की एक वाट बुजवून भागत नाही. पाणी सोडून द्या असं त्यात कुठेही नाही.

अहवाल_वाचक
मीही तसं म्हटलेलं नाही. वाक्य परत वाचा.

मोजूनमापून
दोघेही थांबा. पाणक्या, घरातल्या भांड्यातलं पाणी तपासलंत का? हापशाला चांगलं असलेलं पाणी घागरीत हात बुडाल्यावर बिघडतं, हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. खड्ड्यांचं काम होईपर्यंत घरातच क्लोरीन घाला. नितळ पाण्याला लिटरला २ मिलिग्रॅम, गढुळाला ४, अर्धा तास थांबायचं. भांडं अरुंद तोंडाचं, तोटीचं, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं. आणि बाळांची शी कुठे टाकतात ते एकदा बघा. तान्ह्याच्या शीला काही होत नाही असं समजून ती उघड्यावरच जाते.

सरळसोट_ताई
पण गवंडीदादा, खड्ड्याचंच पाणी हापशात येतंय हे ठरवायचं कसं? भेगेतून डबकं उतरत असेल तर लोक खड्डे बुजवतील आणि पाणी नापासच राहील. मग पुन्हा कुणी ऐकायचं नाही.

मी_गवंडी
बरोबर. म्हणून आधी ओटा. भेग भरा, उतार द्या, नाली काढून पाणी लांब न्या, गुरांना वेगळी जागा. ते दोन दिवसांचं काम आहे. मग मिठाची परीक्षा. दहा-पंधरा किलो मीठ पाण्यात विरघळवून जवळच्या संडासाच्या खड्ड्यात ओतायचं आणि हापशाच्या पाण्यातले क्षार रोज मोजत राहायचं. खड्ड्यातून वाट असेल तर आकडा चढतो आणि काही दिवसांनी उतरतो. ओतण्याआधी चार-पाच दिवस रोज मोजून नेहमीचा आकडा लिहून ठेवा. पाऊस पडला तर परीक्षा वाया.

थकलेला_पाणक्या
क्षार मोजायचे कशाने?

शुद्धजल_आग्रही
😊

सरळसोट_ताई
आता हे ऐकावं लागणार.

शुद्धजल_आग्रही
टीडीएस मीटरने. पेनाएवढा असतो. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा, माझा जुना पाठवून देतो. दोन सेल घाला फक्त.

थकलेला_पाणक्या
तीन आठवड्यांनी लिहितोय. ओटा केला. मीटर मिळाला, आभार. आधीचे पाच दिवस आकडा ५१० ते ५२० च्या मधेच. मीठ ओतलं. तीन दिवस काही नाही, मला वाटलं गवंडीदादा चुकले. चौथ्या दिवशी ५६०, पाचव्या ६४०, सहाव्या ६९०, मग उतरायला लागला. ज्यांचा खड्डा आहे त्या काकांना रोज हापशावर नेऊन मीटर त्यांच्याच हातात दिला होता. आधी म्हणाले यंत्र बिघडलंय. सहाव्या दिवशी काही बोलले नाहीत, पाणी तोंडात घेऊन थुंकले आणि घरी गेले. काल स्वतः आले आणि उथळ खड्ड्याचं माप विचारलं. निर्जंतुक बाटली आणलीय, पण नवा नमुना खड्डा बदलल्यावरच देणार. पोरं बरी आहेत, एकाला भरती करावं लागलं होतं, आता घरी आहे. उरलेल्या खड्ड्यांपैकी आधी कुठला घ्यायचा ते कसं ठरवू? सगळे एकदम होणार नाहीत.

मी_गवंडी
हापशाच्या चढाच्या बाजूला किती आहेत? त्यातला जवळचा आधी. वस्तीचा कागदावर नकाशा काढून टाका इथे, उतार कुठल्या दिशेला तो बाण दाखवून. आणि जुन्या खड्ड्यातला मैला कुणालाही आत उतरवून काढायचा नाही. वापर बंद करा, माती भरा, झाकून टाका. आतल्या वायूने माणूस बाहेर येत नाही.

शुद्धजल_आग्रही
सगळ्यांनी नोंद घ्यावी, मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं टीडीएस किती.

सरळसोट_ताई
दादा, तुम्ही आरओ बसवा म्हणाला होतात.