उपग्रहाला नत्र पडताना दिसत नाही

बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी-निपाणी पट्ट्यात हवेतून किती नत्र (नायट्रोजनची संयुगे) जमिनीवर पडते हे उपग्रह थेट मोजतो, असे म्हटले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी उपकरण परावर्तित सूर्यप्रकाशावरून नायट्रोजन डायऑक्साइड मोजते, तर मेटॉप उपग्रहांवरील इयासी हे उपकरण अवरक्त किरणांवरून अमोनिया टिपते. दोन्ही उपकरणांना कळते ते हवेच्या उभ्या स्तंभातील वायूचे प्रमाण. त्यातले किती पावसाबरोबर खाली आले आणि किती कोरडेच पानांवर, मातीवर बसले, हे वारा, पाऊस व रासायनिक क्रिया धरून गणिती प्रारूपाने काढावे लागते.

आपल्याकडे खरी अडचण पावसाळ्याची आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या घाटालगतच्या भागात पावसाबरोबर नत्र उतरण्याचे दिवस नेमके तेच, ज्या दिवसांत दाट ढगांमुळे या उपकरणांना खालचे काहीच दिसत नाही. शिवाय अमोनिया टिपणाऱ्या इयासीचा एक ठिपका साधारण १२ किलोमीटर व्यासाचा असतो, त्यामुळे उसाला युरिया टाकल्यावर उडणारा अमोनिया नेमका कोणाच्या शिवारातला, हा बांधावरचा वाद त्यातून मिटणार नाही (तसा तो कशानेच मिटत नाही!).

वर्षानुवर्षांचा कल आणि मोठ्या प्रदेशांची तुलना यांसाठी मात्र ही साधने मोलाची आहेत. गंगेच्या मैदानावरील अमोनियाचा दाट पट्टा इयासीच्या नकाशांत ठळक दिसतो. खानापूर भागातील भीमगडच्या जंगलावर, विशेषतः तिथल्या दगडफुलांवर (झाडांच्या सालीवर व खडकांवर वाढणाऱ्या शैवाकांवर), या नत्राचा परिणाम होतो का हे पाहायचे असेल, तर पावसाचे पाणी गोळा करून त्यातील अमोनियम व नायट्रेट तपासावेच लागेल.