१० बाय ११ च्या खोलीत ट्यूब अँप, मे महिन्यात बसवत नाही, काय करू?

रेकॉर्डवेडा_डोंबिवली
नमस्कार मंडळी. फ्लॅटमधली छोटी बेडरूम गाणी ऐकायला घेतलीय. ईएल३४ जातीच्या चार ट्यूबवाला, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, पुश-पुल (ट्यूब जोडीने काम करतात) अँप आहे, सेकंडहँड, मागे २२० व्होल्ट लिहिलंय. आवाज इतका गोड की विकायचा प्रश्नच नाही, हे आधीच सांगतो. पण तासाभरात खोलीची भट्टी होते, शर्ट पाठीला चिकटतो. पंखा लावला की आलापातली शांतता जाते आणि दार उघडं ठेवलं तर पलीकडे आई झोपलेली असते. व्हॉल्यूम कमी करून बघितला, काहीच फरक नाही. मागे कॉम्प्युटरचा छोटा फॅन लावू का? एसी घेतला तर १ टन पुरेल का?

सोल्डरकाका
अरे व्हॉल्यूमने फरक पडणारच नाही. एका ईएल३४ चा हीटरच, म्हणजे ट्यूबला आतून तापवणारी तार, ६.३ व्होल्टला दीड अँपियर घेतो म्हणजे साडेनऊ वॉट, चारांचे ३८ झाले, तेही गाणं चालू नसताना. वर ट्यूबच्या आतल्या धातूच्या प्लेटवर ४०० व्होल्ट आणि ४५ मिलीअँपियर धरले तर प्रत्येकी १८ वॉट. इथेच ११० झाले, पुढच्या छोट्या ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर वेगळेच. आणि भिंतीतून जेवढे वॉट ओढतो तेवढी सगळी उष्णता खोलीतच राहते, स्पीकरमधून निघालेला आवाजसुद्धा शेवटी भिंती-पडद्यांत जिरून उष्णताच होतो.

छोटा फॅन जरूर लाव, १२ व्होल्टचा ७ वर चालव म्हणजे आवाज येत नाही, अँपला बरं वाटेल. खोली मात्र तेवढीच तापेल, कारण गरम हवा तिथल्या तिथेच फिरते. अँप बंद कपाटात असेल तर आधी बाहेर काढ, वर फूटभर तरी मोकळं हवं. आतले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर १० डिग्री वाढीला साधारण निम्म्या आयुष्याला येतात.

एक सांग, रात्री तुझ्याकडे व्होल्टेज किती असतं?

रेकॉर्डवेडा_डोंबिवली
काका आत्ता मीटर लावला, ११ वाजता २४६ दाखवतोय! वॉटमीटरवर अँप १९६ वॉट घेतोय.

सोल्डरकाका
तिथेच गोम आहे. २२० च्या ट्रान्सफॉर्मरला २४६ दिलेस तर ६.३ चे हीटर ७ व्होल्टवर जातात, १० टक्क्यांची मर्यादा ६.९३ ची. म्हणजे उष्णता तर वाढतेच, वर ट्यूबही लवकर म्हातारे होतात. ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप, म्हणजे जोडायची वेगळी तार, असेल तर तो वापर, नसेल तर २४ व्होल्ट ३ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर उलट्या फेजने सिरीजमध्ये, म्हणजे बकिंग, त्याने तेवढं व्होल्टेज घटतं. हे जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे बाळा, फेज चुकली तर कमी व्हायच्या ऐवजी २७० होतील, म्हणून अँप लावायच्या आधी मीटरने मोजायचं. त्यानंतर बायस, म्हणजे गाणं नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट, परत बघ, वरच्या टेस्ट पॉइंटला मीटर लावूनच. अँपचं खालचं झाकण उघडू नकोस, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट राहतात.

कोथरूडची_श्रोती
काकांचं सगळं पटलं. माझीपण खोली एवढीच आहे आणि चार उन्हाळे काढलेत म्हणून लिहितेय. १ टनचा एसी भरपूर झाला, तो तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं माप) काढतो आणि तुमचा अँप जेमतेम ६७० देतो, म्हणजे खोलीत दोन माणसं जास्त बसल्यासारखं. मी ऐकायच्या आधी अर्धा तास एसी लावते, जाड पडदे ओढते आणि गाणं सुरू झालं की सर्वात कमी स्पीडवर.

एसी नको असेल तर खिडकीत वरच्या बाजूला ६ इंची एक्झॉस्ट बसवा. तासाला १५० घनमीटर हवा बाहेर गेली तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा चारेक डिग्रीच गरम राहते, पण दाराखाली फट हवी, हवा आत आलीच नाही तर पंखा नुसता घरघरतो. एलपीची एक बाजू वीसेक मिनिटांची, ती पलटताना मी एक्झॉस्ट लावते, सुई टेकली की बंद. दुपारी बाहेरच ३८ असताना मात्र याचा उपयोग नाही.

आणि हो, रेकॉर्डचा रॅक अँपच्या शेजारी ठेवू नका हो, माझी किशोरीताईंची एक एलपी अशीच वाकली, अजून वाईट वाटतं.

रेकॉर्डवेडा_डोंबिवली
काका, ताई, आठवडा झाला म्हणून कळवतो. बकिंग बसवून घेतलं, अँपला आता २२२ मिळतात आणि वॉटमीटर १५८ वर आला! बायस ३८ मिलीअँपियरला ठेवलाय, आवाजात मला तरी काही कमी वाटत नाही. रॅक पलीकडच्या भिंतीला नेला. एक्झॉस्टसाठी रविवारी काच कापायला माणूस येतोय, काल रात्री खिडकी किलकिली ठेवून अडीच तास बसलो, आईपण येऊन बसली.